घरावर वाईट दिवस आले की पोरांच्या हातात काय द्यायचं?

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या. त्यातून सावरायच्या आत, ८ डिसेंबरला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला. त्या पाच महिन्यांत लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, येवला या पट्ट्यात किती घरांचे हिशेब कोलमडले, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मोठ्या माणसांनी रास्ता रोको केले, लिलाव बंद पाडले, बँकेत आणि सोसायटीत खेटे घातले. पण त्याच घरांत नववीतला मुलगा होता, बारावीतली मुलगी होती, आयटीआय करून सातपूरला कंत्राटी कामावर लागलेला भाऊ होता. घरात काय चाललंय हे त्यांना कळत होतंच. भिंतीपलीकडची बोलणी ऐकू येतात, आईच्या हातातल्या बांगड्या कमी झालेल्या दिसतात.

अशा वेळी पोरांच्या वाट्याला बहुधा दोनपैकी एक वाक्य येतं. एक, "तू तुझा अभ्यास कर, तुला काय करायचंय त्यात?" दुसरं, "आता तूच घराचा कर्ता. सगळं तुझ्यावर आहे." पहिलं प्रेमापोटी निघतं, दुसरं नाइलाजाने. दोन्ही बोलणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, कारण त्या घडीला कोणालाच काही सुचत नसतं. पण पहिल्या वाक्याने मूल घराच्या बाहेर उभं राहतं आणि दुसऱ्याने घराखाली दबतं. या दोहोंच्या मधे बरीच जागा आहे. मुलांमधलं नेतृत्व तयार होतं ते त्या मधल्या जागेत. गारपीट असो, वडिलांची कंपनी बंद पडलेली असो की घरातलं आजारपण असो, ती जागा ओळखायची कशी, हे या लेखात पाहू.

आधी, नेतृत्व म्हणजे काय समजायचं?

सुट्टी लागली की गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत नेतृत्व विकास शिबिरांचे फलक लागतात. तिथे भाषण करायला, चारचौघांत उभं राहायला शिकवतात. त्याचा उपयोग होतो, पण ती या गोष्टीची फार छोटी बाजू आहे. या लेखापुरता अर्थ असा धरू: आजूबाजूला काय बिघडलंय ते दिसणं, त्यावर काही ठरवणं, दोन-चार माणसांना सोबत घेणं, आणि जे होईल त्याचं उत्तर स्वतः देणं. यात कुठेही पद लागत नाही, माइक लागत नाही आणि वयाची अटही नाही.

नाशिकच्याच इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या सत्याग्रह समितीचे सचिव होते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म १९०२ चा. म्हणजे त्या दिवशी त्यांचं वय २७. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. पंचवटीत रोज कोण बसणार, अटक झाली तर घरी कोण बघणार, मार खाऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं, हे सगळं इथल्या माणसांनाच ठरवावं लागलं, आणि त्यात दादासाहेब पुढे होते. बाबासाहेब त्यांना पत्रं लिहीत. दोघांच्या पत्रव्यवहारात सल्ला आहे, विचारपूस आहे, विश्वास आहे.

सत्याग्रह काही वर्षं चालला. त्या काळात मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत. पण दादासाहेब पुढे लोकसभेत गेले, राज्यसभेत गेले, भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले. त्यांच्या त्या तरुणपणीच्या वर्षांत तीन गोष्टी एकत्र होत्या: संकट खरं होतं, त्यातलं एक काम त्यांच्या हातात होतं, आणि पाठीशी एक मोठं माणूस होतं. पुढे जे संशोधन सांगणार आहे ते याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

पोरांच्या डोक्यात या वयात काय चाललेलं असतं?

कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग असतो, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. आपण त्याला पुढचा मेंदू म्हणू. पुढचा विचार करणं, आवेग आवरणं, दोन वाटांतली एक निवडणं ही कामं तो करतो. तो पूर्ण पिकायला वयाची विशी उलटून जाते, साधारण पंचविशीपर्यंत. भावना, मजा, थरार यांच्याशी जोडलेले भाग मात्र वयात येतानाच जोरात जागे होतात. म्हणून १५ वर्षांचा मुलगा सकाळी शहाण्यासारखं बोलतो आणि संध्याकाळी मित्रांसोबत तिघे एका गाडीवर बसून त्र्यंबक रोडला सुसाट निघतो. दोन्ही वेळेला तो खराच असतो.

मित्रांचा वाटा यात किती असतो, यावर २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला लावला, काहींना एकट्याने आणि काहींना दोस्त बघत असताना. किशोरवयीन मुलांनी दोस्तांसमोर खूपच जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या माणसांत तसा फरक पडला नाही.

हे वाचून पालक घाबरतात. मला यात आशाही दिसते. सोबतच्यांच्या नजरेची एवढी किंमत ज्या वयात असते, त्याच वयात पोरं एकमेकांसाठी न थकता राबतात. ऑगस्टमध्ये ढोल पथकाच्या सरावाला जाऊन बघा. नाशिक ढोलाचा ताल बसवायला ही मुलं कॉलेज, काम सांभाळून रोज रात्री येतात, हाताला फोड आले तरी थांबत नाहीत, आणि नवीन आलेल्याला जुना वादक शिकवतो. हे त्यांना कोणी भाषण देऊन सांगितलेलं नसतं. आपण या वयात पोरांना कोणत्या गटात, कोणत्या कामाशेजारी उभं करतो, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

संकटाने माणूस घडतो, हे कितपत खरं?

"आम्ही दुष्काळ बघितला, म्हणून घट्ट झालो," असं म्हणणारे आजोबा प्रत्येक गावात आहेत. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्याच दुष्काळात मोडून गेलेली माणसं आज पारावर बसून काही सांगत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब आपल्याकडे राहत नाही.

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर एका जुन्या प्रयोगातून आलं, आणि तेही उलटं होऊन आलं. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज असे प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. काही कुत्र्यांना विजेचा झटका बसे, पण समोरची पट्टी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, मात्र त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा जागी ठेवलं जिथून नुसती उडी मारून सुटता आलं असतं. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातली बहुतेक तिथेच पडून राहिली. यावरून दोघांनी म्हटलं की प्राणी हतबल व्हायला शिकतो.

जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आमचा अर्थ उलटा होता. उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करून मायर यांना दिसलं की लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: 'माझ्या हातात काहीतरी आहे'. ही जाणीव झाली की पुढचा मेंदू खालच्या भागातली घबराट शमवतो. आणि एकदा ही जाणीव कमावलेली असली की पुढच्या मोठ्या संकटात ती ढालीसारखी कामाला येते.

म्हणजे झटके दोन्ही गटांना सारखेच होते. फरक पडला तो पट्टी हाताशी असण्याने. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मर्म एवढंच आहे. संकट शिकवत नाही. संकटात आपल्या करण्याने काही हललं, हा अनुभव शिकवतो.

मालेगाव, सटाणा, देवळ्याकडच्या डाळिंबवाल्यांना हे लगेच पटेल. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडतात, पानं पिवळी पडून गळतात, मग छाटणी, खत, आणि हळूहळू पाणी सुरू केलं की झाड फुलाने भरतं. पण कोणताही जाणता बागायतदार कोवळ्या झाडाला ताण देत नाही. आधी झाडात अन्नसाठा तयार झालाय का ते पाहतो. हलक्या रानात ताणाचे दिवस कमी धरतो, भारी काळ्या रानात जास्त. आणि ताण किती दिवसांनी तोडायचा हे आधी ठरवलेलं असतं. ज्या बागेचं पाणी कोणी मोजून तोडलेलं नाही, विहीरच आटली आहे, तिथे फांद्या वाळतात, फूल येत नाही. आपल्या पोरांवर येणारी संकटं बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात. ती आपण मोजून देत नाही. म्हणूनच त्यांच्या वाट्याला किती येऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, एवढं तरी आपण मोजायला हवं.

वयाचा मुद्दा माणसांच्या अभ्यासातही दिसतो. अमेरिकेत १९२९ नंतर महामंदी आली. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली इथल्या मुलांच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी अभ्यासल्या. ओकलंडची मुलं १९२०-२१ ला जन्मलेली, म्हणजे मंदीत ती वयात येत होती. घरचं उत्पन्न घटलं तसं मुलांनी बाहेर छोटी कामं धरली, मुलींनी घर सांभाळलं. त्यांतली बरीच पुढे जबाबदार, कामसू माणसं झाली. बर्कलीची मुलं १९२८-२९ ची, म्हणजे मंदीत अगदी लहान. त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, नुसतं सोसणं होतं. त्यांतल्या मुलग्यांना पुढे जास्त त्रास झाला.

पाठीशी एक माणूस

हवाई बेटांमध्ये कौआई नावाचं एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. ज्या मुलांच्या घरात गरिबी, दारू, आजार, भांडणं असं सगळं एकत्र होतं, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, भरवशाची माणसं झाली. ती कशी, हे शोधताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं होतं जे त्यांना धरून होतं: आजी, मावशी, शेजारी, एखादे शिक्षक. आणि दुसरी, जी फारशी सांगितली जात नाही: त्यांच्यावर कोणीतरी अवलंबून होतं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, घराला हातभार लावायचा, असं काम त्यांच्याकडे होतं.

आपल्याकडे हे मोठं माणूस बहुधा मामा, काका, एखादी ताई किंवा शाळेतले सर असतात. आई-वडील स्वतःच संकटात असतात, तेव्हा त्यांच्याकडून सगळं होईल ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्यांचं घर आज ठीक चाललंय, त्यांनी भाच्याला, पुतणीला, शेजारच्या पोराला आठवड्यातून एकदा फोन करणं हे फार मोठं काम आहे. त्यात उपदेश नको. "काय चाललंय? तू काय ठरवलंस?" एवढं विचारावं आणि ऐकावं.

मग द्यायचं काय?

समजा निफाड तालुक्यातलं घर आहे. व्यापाऱ्याने द्राक्षं नेली आणि पैसे बुडवले. मुलगी १६ वर्षांची. तिला "सगळं ठीक होईल" म्हणून बाजूला ठेवायचं नाही आणि कर्जाची चिंताही तिच्या डोक्यावर टाकायची नाही. वडिलांनी तिला जवळ बसवून आकडे सांगावेत: सोसायटीचं एवढं, कृषी सेवा केंद्राची उधारी एवढी, येणं एवढं. "फेडायचं आमचं बघतो आम्ही. पण वही तू ठेव. कोणाला काय शब्द दिलाय आणि कधीचा दिलाय ते माझ्या लक्षात राहत नाही." यातलं एकेक वाक्य महत्त्वाचं आहे. खरं काय ते तिला सांगितलं. फेडण्याचं ओझं मोठ्यांकडे ठेवलं. आणि जे काम दिलं ते खरोखर अडलेलं होतं.

मुलांना लुटुपुटीचं काम लगेच ओळखू येतं. "चल, तू आमचा मॅनेजर," असं म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायला लावलं तर त्यातून काही उगवत नाही. कामाच्या आत निर्णय असायला हवा. वही ठेवायची म्हटल्यावर ती कशी ठेवायची, आधी कोणाला फोन करायचा, हे तिने ठरवावं. चूक झाली तर सुधारता येईल इतपतच ते मोठं असावं. आणि त्याला शेवट असावा. "हा हंगाम संपेपर्यंत" असं म्हटलं की मूल उभं राहतं. 'आता कायमचंच' असं वाटलं की खांदे पडतात.

खेड्यात अशा कामांना तोटा नाही. ई-पीक पाहणी मोबाइलवर करायची असते. शेतात उभं राहून फोटो काढायचा, गट नंबर टाकायचा, पिकाची नोंद करायची. साठीच्या पुढच्या कित्येकांना ते जमत नाही आणि नोंद राहिली की भरपाईच्या वेळी अडचण होते. दहावीच्या सुट्टीतली तीन-चार पोरं वस्तीची यादी करून घरोघर गेली आणि "आबा, तुमच्या गटाची पाहणी राहिलीय, उद्या सकाळी येतो," म्हणाली, तर त्यात वर सांगितलेल्या नेतृत्वाच्या चारही गोष्टी येतात. पेठ-सुरगाण्याकडे मार्चनंतर टँकरची वाट बघावी लागते. कोणत्या पाड्यावर कधी आला, किती घरांना पुरला, याची नोंद तिथली कॉलेजची मुलगी ठेवू शकते. ती नोंद घेऊन ग्रामसेवकाशी बोलायला तिनेच जावं. सरपंचांनी सोबत जावं, पण बोलू तिला द्यावं.

शहरात कामाचं रूप बदलतं. अंबडला वडिलांचं कंत्राट संपलं. १९ वर्षांच्या मुलाने धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचे कागद, दाखले, सेतू केंद्राच्या चकरा हे पूर्ण आपल्याकडे घ्यावं. काम झाल्यावर किंवा फसल्यावर घरातल्या मोठ्याने त्याच्याशी दहा मिनिटं बोलावं: काय झालं, तू काय ठरवलं होतंस, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? ही दहा मिनिटं बहुतेक घरांत राहून जातात. अनुभवातून काय घ्यायचं ते त्या बोलण्यात कळतं. ते बोलणं झालं नाही तर मुलाजवळ फक्त थकवा उरतो.

"दहावी-बारावीचं वर्ष आहे. यात अभ्यासाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला पोचले तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांना पेपरला पोचायला अडचण नको म्हणून ते दिवसभर चालून थकलेले असूनही रात्रीतून पुढे आझाद मैदानापर्यंत चालत गेले. आपल्या माणसांना परीक्षेची किंमत कळते. पण घरात ताण असताना, आणि तो कोणी बोलत नसताना, पुस्तकासमोर बसलेलं मूल वाचत असतं असं नाही. खरं काय ते थोडक्यात सांगितलं, आठवड्याला दोन-तीन तास पुरेल असं काम दिलं, तर डोकं मोकळं होतं. परीक्षेच्या महिन्यात काम थांबवावं, आणि ते थांबवण्याचा निर्णय मुलाने सांगून करावा. शाळा सुटत असेल तर मात्र वाद संपला. शाळा सोडून केलेल्या कुठल्याही कामाला नेतृत्व म्हणता येणार नाही.

"हे बालमजुरीला गोंडस नाव देणं नाही का?"

तसं होऊ शकतं, म्हणून रेघ स्पष्ट हवी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. शाळेनंतर घरच्या कामाला हातभार लावणं तेवढं चालतं. १४ ते १८ वयात धोकादायक काम चालत नाही. औषध फवारणी, फटाके, जड यंत्रं यांच्या आसपासही मूल नको. पण कायद्यापलीकडेही एक रेघ आहे. आईची मनधरणी करणं, वडिलांची दारू सांभाळणं, घरातल्या भांडणात मध्यस्थी करणं, ही कामं मुलांची नाहीत. बाहेरून असं मूल फार समजूतदार दिसतं आणि आपण त्याचं कौतुक करतो. आतून ते मोठ्यांचे आई-बाप झालेलं असतं. ते ओझं आधी उतरवायला हवं. नवं काम द्यायचा विचार त्यानंतर.

"मुलींवर तर कामं पडतातच की"

हो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. घरावर संकट आलं की मुलीच्या वाट्याला काम लगेच येतं. स्वयंपाक, पाणी, भावंडं, आजीचं दुखणं. निर्णय मात्र येत नाही. एल्डरच्या ओकलंडमध्येही मुलींना घरकाम आणि मुलग्यांना बाहेरची मोकळीक अशीच वाटणी झाली होती. पट्टी हाताशी असण्याची गोष्ट आठवा. नुसत्या राबण्याने ती हातात येत नाही. मुलगी तीन वर्षं चूल सांभाळते आणि तिचा भाऊ बाजार समितीत दोन चकरा मारून 'हुशार' ठरतो, हे आपण रोज बघतो.

मोठ्या संकटात मुलीचं लग्न उरकण्याचा विचार घरात येतो तोही याच वाटेने: एक खाणारं तोंड कमी, एक चिंता कमी. १८ वर्षांच्या आत तो गुन्हा आहेच. पण कायद्याच्या आधी घरातली बैठक येते. कर्जाचं, शेतीचं, गाव सोडण्याचं बोलणं होताना १७ वर्षांची मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत जाते की तिथे बसते? तिला बसवा. तिचं मत विचारा, आणि निदान एका गोष्टीत ते मानून दाखवा. घरातलं काम भावाने वाटून घेतल्याशिवाय तिला बसायला वेळ मिळणार नाही, हेही तितकंच खरं.

"आणि फसलं तर?"

फसणारच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या वडिलांचा मुलगा. वडील गेल्यावर घरची जबाबदारी आली, २०१२ मध्ये तो लष्करात गेला आणि तिथे नौकानयन शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो आजारी होता, एकेरीच्या अंतिम शर्यतीत सगळ्यात मागे राहिला, दमून कोसळण्याच्या बेतात. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत तो बसला आणि त्या नावेने सुवर्णपदक आणलं. पहिल्या दिवसानंतर त्याला नावेतून उतरवलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. पण सोबतच्या तिघांनी आणि प्रशिक्षकांनी त्याला दुसऱ्या दिवशी त्याची जागा दिली.

घरात नेमकं याच्या उलट होतं. मुलाने एक व्यवहार चुकवला की "तुझ्याच्याने काही होणार नाही, सोड," म्हणून काम काढून घेतलं जातं. त्याऐवजी तेच काम थोडं लहान करून परत त्याच्याच हातात द्यावं.

"पोरगं बोलतच नाही, खोलीतच असतं"

मग नेतृत्वाचा विषय बाजूला ठेवा. झोप उडालेली किंवा सारखी झोप, जेवण तुटलेलं, मित्र तुटलेले, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी भाषा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, हे दोनेक आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवायला हवं. मरणाची भाषा किंवा वस्तू वाटून टाकणं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. सरकारी नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालंय. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलाला हायसं वाटतं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मूल फोन करायला तयार नसेल तर आई-वडिलांनी स्वतः करून काय करावं ते विचारावं. अशा मुलाला आत्ता काम नको, सोबत हवी. सावरल्यावर काम आहेच.

घराबाहेरचं काम

घर सगळं देऊ शकत नाही, आणि अठराच्या पुढच्या पोरांना तर घर पुरतही नाही. कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. ते तास झाडं लावून फोटो काढण्यात घालवायचे की गावाने सांगितलेलं एक काम दोन वर्षं धरून ठेवायचं, हे प्राध्यापकांवर आणि मुलांवर आहे. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पुरतात, हे कित्येक पोरांना माहीतच नसतं. गणेश मंडळाचा हिशेब दरवर्षी त्याच दोन माणसांकडे का राहतो, हेही कोणीतरी विचारायला हवं. तो हिशेब वीस-बावीस वर्षांच्या पोरांना लिहू द्यावा आणि चौकात फळ्यावर लावू द्यावा.

आता तर नाशिकपुढे २०२७ चा सिंहस्थ आहे. २००३ च्या कुंभात इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढच्या कुंभाआधी, २०१४ मध्ये, नीलय कुलकर्णी हा १५ वर्षांचा मुलगा आणि त्याचे सोबती या प्रश्नाला भिडले. संगणकाची भाषा तो स्वतःच शिकला होता. पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी एक पट्टी त्यांनी तयार केली, म्हणजे कुठल्या वाटेवर गर्दी वाढतेय ते आधी कळावं. २०१५ च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वाटेवर अंथरली गेली. त्या वर्षी चेंगराचेंगरी झाली नाही. त्यात पोलिसांपासून सफाई कामगारांपर्यंत असंख्य लोकांचे कष्ट होते. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: लाखोंच्या जिवाचा प्रश्न असताना मोठ्यांनी एका किशोरवयीन मुलाची वस्तू वापरून बघितली.

या वेळीही हजारो स्वयंसेवक लागतील, आणि त्यांत बहुतेक कॉलेजची मुलं-मुली असतील. त्यांना टोपी, ओळखपत्र आणि दोरी धरायचं काम मिळेल. त्याच्या जोडीला प्रत्येक तुकडीला घाटाचा किंवा वाटेचा एक ठरावीक भाग द्यावा. तो भाग त्यांनी आधीच्या महिन्यांत पायी फिरून पाहावा, पायऱ्या कुठे निसरड्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला कुठे बसता येईल, कोणत्या बोळात अंधार असतो, हे लिहून द्यावं. ते लिहिलेलं वाचून त्यांच्याशी बोलणारा एक अधिकारी नेमलेला असावा. आणि गर्दी वाढताना दिसली तर वर कळवायचा अधिकार त्या तुकडीतल्या सगळ्यात लहान मुलीलाही असावा.